'ग्रॅब' : एका जहाजाच्या नांवाची कुळकथा

इंग्रजी भाषेचा एखादा मोठा कोश उघडून त्यांत 'ग्रॅब' हा शब्द काढला, तर तो एकाच नोंदींत आटोपत नाहीं. निरनिराळ्या नोंदींखालीं तो पुन्हां पुन्हां भेटतो. पहिला 'ग्रॅब' सर्वांच्या ओळखीचा. झडप घालून पकडणें, हिसकावून घेणें, हा त्याचा अर्थ इंग्रजी शिकूं लागलेलीं मुलेंहि सांगतील. दुसरा 'ग्रॅब' मात्र खुद्द इंग्लंडांतील सुशिक्षित माणसालाहि सहसा ठाऊक नसतो. तें एका जातीच्या जहाजाचें नांव आहे. पूर्वेकडील समुद्रांत एके काळीं फिरणारें, पुढें लांब नाळ असलेलें, बहुधा दोन डोलकाठ्यांचें जहाज, असा कांहींसा अर्थ देऊन कोशकार त्यापुढें शब्द प्रचारांतून गेल्याची खूण करतात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात.

दोन शब्द एकाच वेषांत वावरूं लागले कीं त्यांचें नातें जोडण्याचा मोह आवरत नाहीं. येथें तर त्या मोहाला इतिहासाचेंहि साह्य मिळालें. अठराव्या शतकांतील इंग्रज लेखकांनीं हा शब्द ज्यांच्या जहाजांविषयीं वारंवार वापरला ते कुलाब्याचे व विजयदुर्गाचे आंग्रे. आणि त्याच लेखकांनीं आंग्र्यांना चांचे ठरविलें होतें. चांचे येणाऱ्याजाणाऱ्यांस लुबाडतात, लुबाडणें म्हणजे 'ग्रॅब' करणें, म्हणून त्यांच्या जहाजाचें नांव 'ग्रॅब' : ही सांखळी इतकी सोयीची आहे कीं कोणीं ती जुळवून दिली नाहीं तरी ऐकणाऱ्याच्या मनांत ती आपोआप जुळते. अशा रीतीनें एका निरुपद्रवी नौकेच्या नांवांतच तिच्या धन्यावरील आरोपाचा पुरावा दडलेला आहे, असा भास होतो. तो भास कितपत खरा, याचा निवाडा करण्यास शब्दाची कुळकथाच पाहिली पाहिजे.

सुदैवानें हा मोह कांहीं इंग्रज विद्वानांनींच प्रथम ओळखला. कर्नल हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल या दोघांनीं हिंदुस्थानांत रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा एक विस्तृत कोश तयार केला व तो १८८६ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचें नांव 'हॉब्सन-जॉब्सन'. मोहरमच्या मिरवणुकींतील 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानीं पडून त्यांच्या तोंडीं जें रूप घेऊन बसला तें हें नांव. म्हणजे कोशाच्या मुखपृष्ठावरच कानाच्या घोटाळ्याचा एक नमुना चढविलेला आहे. या कोशांत 'ग्रॅब'ची नोंद करतांना ग्रंथकारांनीं आधीं ती लुबाडण्याची व्युत्पत्ति थट्टेनें रचून दाखविली आणि लगेच ती मोडून टाकली. शब्दांच्या मुळाचा शोध केवळ आपल्या कल्पनेंत घेणारे लोक असेंच कांहीं तरी सांगतील, परंतु खरी हकीकत निराळी आहे, असा त्यांचा अभिप्राय.

ती निराळी हकीकत पाहण्यापूर्वीं क्रियापदाचा, म्हणजे पहिल्या 'ग्रॅब'चा, निकाल लावलेला बरा. तो इंग्रजींत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दिसूं लागतो आणि तो आला तो डच व उत्तर जर्मनीकडील बोलींतून. भाषाशास्त्रज्ञ त्याचें नातें वेदांतील 'गृभ्' या धातूशीं लावतात. पकडणें, धरणें, हाच त्याचा अर्थ. पुढें संस्कृतांत त्याचा 'ग्रह्' झाला आणि प्राकृताच्या वाटेनें तोच मराठींत 'घेणें' होऊन आला. यांतील गंमत अशी कीं इंग्रजांचा घरगुती वाटणारा हिसकावण्याचा 'ग्रॅब' हा आपल्या 'ग्रहणा'चा व 'घेण्या'चा दूरचा भाऊबंद ठरतो. आणि ज्या जहाजानें कोंकणच्या खाड्यांत शेंदीडशें वर्षें नांगर टाकला, त्याच्या नांवाचा मात्र या कुळाशीं कसलाच संबंध नाहीं.

जहाजाच्या नांवाचें मूळ अरबी आहे. अरबींत 'ग़ुराब' म्हणजे डोमकावळा. याच नांवानें अरब लोक भूमध्य समुद्रांतील वल्ह्यांनीं चालणाऱ्या लांबट लढाऊ नौकेचा उल्लेख करीत. पक्ष्याचें नांव नौकेला कां मिळालें, याचा उलगडा असा करतात कीं डांबर फांसल्यामुळें ती काळीभोर दिसे व तिची पुढें आलेली नाळ चोंचीसारखी भासे. समुद्रावरील लोकांना कावळ्याचें वावडें नाहीं, हें खरें. रोमन लोकांनीं कार्थेजशीं केलेल्या पहिल्या युद्धांत शत्रूच्या जहाजावर चढण्यासाठीं एक खिळ्याचा पूल योजिला होता; त्यालाहि ते डोमकावळाच म्हणत. इंग्रज खलाशी तर डोलकाठीवरील टेहळणीच्या जागेला कावळ्याचें घरटें म्हणतात.

तथापि या कावळ्याविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं. दुसरा पक्ष असें मानतो कीं पक्ष्याचा व नौकेचा संबंध मागाहून जोडला गेला असून नौकेचें नांव मुळांत ग्रीक आहे. ग्रीकांत 'काराबोस' म्हणजे भुंग्यासारखा एक किडा, समुद्रांतील एक जातीचा शेवंडा, आणि पुढें एक लहान होडी. लॅटिनांत त्याचें 'काराबुस' झालें. सातव्या शतकाच्या आरंभीं सेव्हिलच्या इसिदोर नांवाच्या धर्माध्यक्षानें आपल्या ज्ञानकोशांत वेतानें विणून वर कातडें चढविलेली लहान होडी असा त्याचा अर्थ दिला आहे. पोर्तुगीजांच्या सुप्रसिद्ध 'काराव्हेला' जातीच्या जहाजाचें नांव याच शब्दापासून निघालें. वास्को द गामा १४९८ मध्यें कालिकतला आला तेव्हां त्याच्या काफिल्यांतील 'बेरियो' हें जहाज याच जातीचें होतें. हा दुसरा पक्ष खरा मानला तर त्या पोर्तुगीज काराव्हेलेची आणि मलबारच्या किनाऱ्यावर अरबी नांव मिरविणाऱ्या ग़ुराबेची गांठ ही, एकमेकींस न ओळखणाऱ्या दोन चुलत बहिणींची गांठ होती असें म्हणावें लागेल. कावळ्याचा उलगडा अधिक चित्तवेधक आहे. पण नौकांचीं नांवें एका बंदरांतून दुसऱ्या बंदरांत ज्या सहजतेनें जातात ती ध्यानांत घेतां ग्रीक उगमाचा पक्षहि दुबळा म्हणतां येत नाहीं. एवढें मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे कीं, हिंदी महासागरांत हें नांव आणलें तें अरबी बोलणाऱ्या दर्यावर्दी लोकांनीं, आणि हिसकावण्याशीं त्याचें कांहींएक नातें नाहीं.

नांव आलें केव्हां, याचा एक चांगला पुरावा इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाच्या वृत्तांतांत मिळतो. दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे जावयास निघालेला हा गृहस्थ चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धांत खंबायतच्या आखातांतील गंधार बंदरीं जहाजावर चढला. त्याच्या काफिल्यांत 'उकैरी' नांवाचें एक जहाज होतें. त्याचें वर्णन करतांना तो सांगतो कीं तें ग़ुराबासारखें पण अधिक रुंद असून त्याला साठ वल्हीं होतीं, आणि लढाईच्या वेळीं वल्हेकऱ्यांना बाण व धोंडे लागूं नयेत म्हणून त्यावर छप्पर घालीत. भूमध्य समुद्रावरील आपल्या वाचकांना ओळखीची खूण म्हणून तो ग़ुराबेचें नांव घेतो, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. पश्चिमेकडील नौका व पश्चिम हिंदुस्थानची नौका तो डोळ्यांपुढें शेजारीं शेजारीं उभ्या करतो. दोन्हींत साम्य आहे, परंतु त्या एकरूप नाहींत.

पुढें नांव कायम राहून नौका मात्र बदलत गेली. मलायी भाषेंत हा शब्द गेला. बंगालच्या नद्यांत तो मोंगलांच्या आरमारी कागदांत आला. शाहिस्तेखान पुणें सोडून बंगालचा सुभेदार झाल्यावर त्यानें १६६६ च्या आरंभीं चाटिगांव जिंकलें. त्या स्वारींतील मोंगली आरमाराची मोजदाद शिहाबुद्दीन तालिश यानें लिहून ठेविली आहे. एकूण २८८ नौका, त्यांत १५७ कोसा जातीच्या आणि ग़ुराब अवघ्या २१. म्हणजे संख्येनें थोड्या, पण यादींत प्रतिष्ठेच्या, अशी ही जात तेथेंहि दिसते.

कोंकणांत ग़ुराबेची 'गुराब' झाली आणि मराठींत ती स्त्रीलिंगी होऊन राहिली : ती गुराब, त्या गुराबा. १६५७ मध्यें कल्याण-भिवंडीचा मुलूख हातीं आल्यावर शिवाजीमहाराजांनीं आरमाराची उभारणी सुरू केली. राजारामाच्या सांगण्यावरून जिंजीस लिहिल्या गेलेल्या सभासदाच्या बखरींत त्या आरमारांतील नौकांच्या जाती दिल्या आहेत. गलबतें, तरांडीं, शिबाडें यांच्याबरोबर गुराबांचें नांव तेथें आहे, आणि त्या आरमाराचे सरदार म्हणून दर्यासारंग व मायनाक भंडारी यांचाहि उल्लेख आहे. चांचेगिरीचा तेथें वासहि नाहीं. जसे घोडदळांत शिलेदार व बारगीर, तशा आरमारांत गुराबा व गलबतें. राज्याच्या फौजेची ती एक व्यवस्था आहे.

ही व्यवस्था अधिक स्पष्टपणें दिसते ती रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत. १७१५ च्या सुमाराच्या या ग्रंथांत आरमार हें राज्याचें एक स्वतंत्र अंग मानलें आहे. गुराबा फार थोर नकोत व फार लहानहि नकोत, मध्यम असाव्यात, असा त्यांत सल्ला आहे. पांच गुराबा व पंधरा गलबतें मिळून एक सुभा करावा, असा हिशेब आहे. जहाजांसाठीं सागवान तोडावें, परंतु रयतेचीं आंब्याफणसाचीं झाडें तोडूं नयेत, कारण तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, ही सर्वश्रुत आज्ञाहि याच प्रकरणांतील आहे. ज्या राज्यांत नौकेच्या आकारापासून ती बांधावयाच्या लांकडापर्यंत इतका विचार लिहून ठेवला जातो, तेथील नौकेला दरोडेखोराचें हत्यार म्हणतांना जरा थांबावयास हवें होतें.

आतां ही गुराब दिसे तरी कशी? तिचें सर्वांत तपशीलवार वर्णन शत्रुपक्षानेंच करून ठेवलें आहे, आणि तें वाखाणण्यासारखें आहे. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें १७६३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत आंग्र्यांच्या आरमारावर कांहीं पानें खर्च केलीं आहेत. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, क्वचित् तीन. तीन काठ्यांची गुराब सुमारें तीनशें टनांची, दोन काठ्यांची दीडशें टनांहून मोठी नसे. लांबीच्या मानानें ती बरीच रुंद असे आणि पाण्यांत फारशी बुडत नसे. त्यामुळें जेथें विलायती जहाज वाळूंत रुतून बसेल अशा खाडीच्या मुखांतून ती सहज आंत शिरे. मध्यापासून पुढें ती निमुळती होत जाई आणि विलायती जहाजाच्या फुगीर छातीऐवजीं तिला भूमध्य समुद्रांतील नौकांसारखी पुढें आलेली लांब नाळ असे.

तिचें सारें रहस्य या नाळेंत होतें. समोरून लाटा येत असल्या म्हणजे असली लांब नाळ पाण्यांत डुबक्या घेते व नौका पुढेंमागें जोरानें हिंदकळते. म्हणून कारागिरांनीं नाळेवर मजबूत डेक घातला, पण त्याच्या कडेनें कठडा मात्र घातला नाहीं. लाट आली तशी दोहों अंगांनीं वाहून जाई. नाळ आणि मुख्य डेक यांच्यामध्यें एक फळ्यांची आडभिंत असे. त्या भिंतींत भोंकें ठेवून तिच्यामागें दोन मोठ्या तोफा बसवीत, नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या. त्या नाळेच्या माथ्यावरून सरळ पुढें मारा करीत. बाजूंच्या तोफा लहान, सहा ते नऊ पौंडी.

ही मांडणी लहर म्हणून केलेली नव्हती. विलायती जहाजाच्या तोफा त्याच्या दोन्ही कुशींत रांगेनें बसविलेल्या असत. पिछाडी त्या मानानें उघडी पडे. समोर तोंड करून मारा करणारी गुराब अशा जहाजाच्या पाठीशीं लागली, तर तिला त्याच्या मुख्य माऱ्यासमोर जावेंच लागत नसे. तिच्या जोडीला असत गलबतें. गलबत म्हणजे गुराबेचीच लहान आवृत्ति, क्वचितच सत्तर टनांवर जाणारी. एक भलें मोठें तिकोनी शीड, चाळीसपन्नास भक्कम वल्हीं आणि डेकवर फिरते जंबुरे. वारा पडला म्हणजे मोठें व्यापारी जहाज समुद्रावर ओंडक्यासारखें निश्चल होई, आणि गलबतें मात्र वल्ह्यांच्या जोरावर गुराबांना दोर लावून ओढीत आणीत. गुराबा मागून डोलकाठ्यांवर नेम धरीत. काठ्या कोसळल्या कीं त्या जवळ येऊन चोहों बाजूंनीं तोफा डागीत, आणि तरीहि जहाज शरण न आलें तर माणसांनीं गच्च भरलेलीं गलबतें त्यास भिडून शिपाई नंग्या तलवारीनें वर चढत. आठदहा गुराबा व चाळीसपन्नास गलबतें एवढें आंग्र्यांचें मुख्य आरमार असे, असें ऑर्म सांगतो. डिसेंबर १७३५ मध्यें संभाजी आंग्र्यानें कंपनीचें 'डर्बी' हें मोठें जहाज पकडून नेलें, तेव्हां मुंबईच्या इंग्रजांना या डावपेचांची किंमत पुरती कळली.

परंतु शब्द इंग्रजींत आला तो या लढायांच्या बराच आधीं, आणि आला तो व्यापाराच्या कामानिमित्त. जॉन फ्रायर नांवाचा एक इंग्रज वैद्य १६७३ मध्यें या किनाऱ्यावर होता. कंपनीच्या वखारवाल्यांनीं दोन गुराबांत माल भरून त्या रवाना केल्याचें तो लिहितो. येथें गुराब ही साधी मालवाहू नौका आहे, आणि तिजवर माल लादणारे खुद्द इंग्रज आहेत. त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे फ्रायरचें स्पेलिंग. तो शब्द 'ग्रॅब' असा न लिहितां 'ग्रॉब' असा लिहितो. हें एकच अक्षर लुबाडण्याच्या व्युत्पत्तीला पुरून उरतें. हिसकावण्याच्या शब्दावरून नांव पडलें असतें तर पहिल्या लेखकांनीं तें त्याच अक्षरांनीं लिहिलें असतें. घडलें तें उलट. 'गुराब' शब्दाचा भर दुसऱ्या अक्षरावर; परक्याच्या कानाला पहिला ऱ्हस्व उकार ऐकूं येईना, म्हणून तो गळला. उरलेल्या 'ग्राब'ला कोणी 'ग्रॉब' म्हणे, कोणी आणखी कांहीं. शेवटीं ज्या अक्षरांना इंग्रजी डोळा आधींच सरावलेला होता त्या 'ग्रॅब'च्या सांच्यांत तो जाऊन बसला. परकी नाणीं घरच्या टांकसाळींत वितळून पुन्हां पाडावीं, तशी भाषा परक्या शब्दांची वाट लावते. 'गलबता'चें इंग्रजांनीं 'गॅलिव्हॅट' केलें तें याच धर्तीवर. फरक एवढाच कीं त्या रूपासारखा घरचा शब्द त्यांच्याजवळ नव्हता, म्हणून त्याच्याविषयीं गैरसमजहि झाला नाहीं. मचवा, पत्तेमारी, शिबाड हीं नांवेंहि कंपनीच्या कागदांत अशींच मोडूनतोडून गेलीं, पण त्यांतून कोणाची बदनामी झाली नाहीं.

बदनामीचें मूळ शब्दांत नसून समुद्रावरील हक्काच्या भांडणांत होतें. १७१३ मध्यें बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीनें कान्होजी आंग्रे शाहूमहाराजांच्या पक्षास मिळाला. आरमाराचा सरखेल या नात्यानें कोंकण किनाऱ्यावर जाणाऱ्या व्यापारी जहाजांनीं आपलें दस्तक घ्यावें, हा त्याचा आग्रह होता. दस्तक नसेल तें जहाज तो पकडी. यांत नवें असें कांहीं नव्हतें. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आपले 'कार्ताझ' नांवाचे परवाने विकत घ्यावयास लावीत व तो नसलेलीं जहाजें जप्त करीत. कंपनीहि आपल्या आश्रितांच्या जहाजांना परवाने देई व त्या परवान्यांचा मान राखला जावा असें म्हणे. मात्र तोच अधिकार किनाऱ्याच्या खऱ्या मालकानें बजाविला कीं तो चांचेपणा ठरे. क्लेमेंट डाउनिंग यानें १७३७ मध्यें लंडनला प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानांतील युद्धांच्या इतिहासांत आंग्र्यास नांवाबरोबरच, खुद्द ग्रंथाच्या शीर्षकांत, चांचा ही पदवी दिली आहे. डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांच्या मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील १९२८ च्या ग्रंथानें आणि कान्होजीविषयींच्या १९४१ च्या निबंधांनीं या पदवीची कागदपत्रांच्या आधारें झडती घेतली, तोंपर्यंत ती इंग्रजी ग्रंथांतून बिनतक्रार चालत होती. १९५१ मध्यें मुंबई बंदरांतील भारतीय नौदलाच्या तळाला 'आंग्रे' हें नांव देण्यांत आलें.

आणि 'ग्रॅब' हें जर चांच्यांचेंच जहाज, तर मग कंपनीच्या आरमाराचें काय? या किनाऱ्यावर विलायती बांधणीचें जहाज सर्व ठिकाणीं चालत नाहीं, हें मुंबईकर इंग्रजांच्या लवकरच ध्यानांत आलें होतें. कंपनीनें आपल्या व्यापाराच्या रक्षणासाठीं जें आरमार पोसलें त्यांत ग्रॅबहि होत्या आणि गॅलिव्हॅटहि होते. त्यांवरील कप्तानांना कोणीं लुबाडे म्हटलें नाहीं.

गुराबांच्या वैभवाचा शेवट १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गास झाला. तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीत नव्हता, म्हणून नानासाहेबांनीं त्याच्याविरुद्ध इंग्रजांचें साह्य मागितलें. आदल्या वर्षीं कमोडोर जेम्सनें सुवर्णदुर्ग घेतला होता. आतां ॲडमिरल वॉटसनचें आरमार आणि क्लाइव्हची पलटण विजयदुर्गावर चालून गेली. किल्ल्याच्या आश्रयानें गुराबा व गलबतें एकमेकांना बांधून दाटीनें उभीं केलेलीं होतीं. खुल्या समुद्रावर पाठलाग करण्यासाठीं जन्मलेल्या या नौका खाडींत दावणीला बांधून ठेवणें, यासारखी दुसरी चूक नव्हती. तोफेच्या माऱ्यानें एका जहाजानें पेट घेतला. तें शेजारच्याला लागलें, आणि पाहतां पाहतां आंग्र्यांचें सारें आरमार जळून गेलें. १३ फेब्रुवारीस किल्ला पडला. आंत सुमारें दहा लाख रुपयांचा ऐवज सांपडला. त्याची वांटणी कशी करावयाची हें इंग्रज अधिकाऱ्यांनीं मुंबईहून निघण्यापूर्वींच आपसांत ठरवून ठेवलें होतें, आणि त्यांत मराठ्यांचा वांटा धरलेला नव्हता. तो ऐवज इंग्रजांनीं घेतला त्या कृत्याला मात्र कोणत्याहि इतिहासकारानें 'ग्रॅब' म्हटल्याचें प्रसिद्ध नाहीं.

जळालेल्या आरमाराबरोबर मराठी सत्तेच्या हातचें एक अंगच गेलें. आणि ज्या वस्तु प्रचारांतून जातात त्यांचीं नांवें फार दिवस मागें राहत नाहींत. कंपनीच्या दफ्तरांत ग्रॅब आणखी कांहीं दशकें दिसतात. पण मुंबईच्या गोदींत पारशी वाडियांच्या हातून मलबारी सागाचीं विलायती घाटाचीं जहाजें उतरूं लागलीं होतीं, आणि त्यांच्या शिडांपुढें लांब नाळेची गुराब जुनी दिसूं लागली. १८८६ मध्यें यूल व बर्नेल यांनीं आपली नोंद लिहिली तेव्हां शब्द जवळजवळ लुप्त झाल्याचें त्यांना नमूद करावें लागलें. मराठींतहि गलबत बोलण्यांत राहिलें, मचवा राहिला, होडी तर राहिलीच; गुराब मात्र बखरींच्या पानांत जाऊन बसली, आणि शाळेंतल्या मुलाला तिचा अर्थ आज टीपेंत सांगावा लागतो.

बंदरांतील कामगारांच्या तोंडीं 'ग्रॅब' हा शब्द आजहि येतो. पण तो पोलादी जबड्याच्या त्या अवजाराचा, जें सांखळीनें खालीं सोडून तळचा गाळ किंवा जहाजांतील कोळसा उचलून वर काढतात. तो हिसकावणाऱ्या पहिल्या 'ग्रॅब'च्याच वंशांतला.